घाटावरून टेबलाकडे : इस्त्रीचा इतिहास आणि काही घरगुती आठवणी

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी संतचरित्रे येतात, गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे येतात, देणगीदारांच्या याद्या येतात. आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या उद्योगावर आपल्या पूर्वजांच्या चुली पेटल्या, त्या उद्योगाविषयी चार ओळी लिहिण्याचे आपल्याला सहसा सुचत नाही. राजांच्या लढायांचा इतिहास लिहिला जातो. परंतु त्या राजांचे अंगरखे कोणी धुतले व त्यांच्या घड्या कोणी घातल्या, हे बखरकार सांगत नाहीत. प्रस्तुत लेखक इतिहाससंशोधक नाही. जन्म तापीकाठच्या प्रकाशे गावी, परिटाच्या घरी. आयुष्य प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी शिकविण्यात गेले. तरीही जे वाचले, पाहिले आणि हाताने केले, ते येथे मांडीत आहे.

कपडे धुण्याची विद्या आपल्या देशात फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कोणते वस्त्र कशाने शुद्ध करावे हे सांगितले आहे. रेशमी व लोकरी वस्त्रांस खारी माती, कांबळ्यांस रिठे, तलम पट्टवस्त्रांस बेलफळ, आणि तागासारख्या तंतूच्या क्षौमवस्त्रांस पांढरी मोहरी. हे वाचताना माझ्या मनात आले की, ही यादी ग्रंथकर्त्याला कोणा रजकाने सांगितली असली पाहिजे. लोकर खाराने किती आखडते आणि रिठ्याने कशी मऊ राहते, हे पोथी वाचून कळत नाही. त्यासाठी कोपरापर्यंत हात ओले करावे लागतात. त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायात परिटाने सावरीच्या गुळगुळीत फळीवर हळूहळू कपडे धुवावेत, एकाचे कपडे दुसऱ्याच्या कपड्यांत मिसळू नयेत व ते कोणाला नेसावयास देऊ नयेत, असा दंडक आहे.

कौटिल्याचे अर्थशास्त्र याहून कडक आहे. लाकडी फळी किंवा गुळगुळीत शिळा यांखेरीज अन्यत्र कपडे धुतल्यास दंड. दुसऱ्याचे वस्त्र विकल्यास, भाड्याने दिल्यास किंवा गहाण टाकल्यास बारा पण दंड. कापड किती शुभ्र हवे त्यावर ते परत करण्याची मुदतही ठरलेली. आणखी एक नियम असा की, रजकाने स्वतः मुद्गराचे, म्हणजे मोगरीचे, चिन्ह असलेलेच वस्त्र वापरावे. तसे चिन्ह नसलेले वस्त्र अंगावर आढळल्यास तीन पण दंड. परिटाच्या अंगावरचा कपडा त्याचा स्वतःचा नसणारच, हा लोकांचा संशय एवढा जुना आहे! या नियमाकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

आता आपल्या गावाकडे वळू. प्रकाशे हे नंदुरबार जिल्ह्यातील शहादे तालुक्यात, तापी व गोमाई यांच्या संगमावर वसलेले. भाविक त्याला दक्षिणकाशी म्हणतात. केदारेश्वर, पुष्पदंतेश्वर ही मंदिरे, नदीत उतरणारे दगडी घाट आणि बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत आला म्हणजे भरणारी सिंहस्थाची यात्रा यांमुळे त्याचे नाव दूरवर गेले. परंतु गाव देवळांहूनही पुष्कळ जुने आहे. १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी येथील पांढरीच्या टेकाडावर उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगापासूनच्या, म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या, वस्तीचे थर सापडले. रंगीत खापरे सापडली, मणी सापडले. धुणे मात्र उत्खननात सापडत नाही. पण जेथे तीन हजार वर्षे माणसे नदीकाठी राहिली, तेथे तितकीच वर्षे कोणी तरी कपडे पिळीत होते, एवढे अनुमान काढावयास पदवी लागत नाही.

परीट नदीवरच का जातो, असे शाळेतील मुले मला विचारीत. केवळ पाणी भरपूर म्हणून नव्हे. आमच्याकडील काळ्या खडकातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते. त्यातील चुन्याचे क्षार साबणाशी संयोग पावून त्याचा चिकट साका करतात. फेस होत नाही व कापडावर करडी झाक राहते. वाहत्या नदीचे पाणी त्या मानाने हलके. पावसाळ्यात तापी गढूळ झाली की तुरटी फिरवून किंवा निवळीच्या बिया उगाळून पाणी स्थिर करीत व वरचे निवळ तेवढे घेत.

साबण तर फार अलीकडचा. लिव्हर कंपनीचा सनलाइट साबण १८८८ साली कलकत्ता बंदरात उतरला. गोदरेज यांचा वनस्पती-तेलापासून केलेला साबण पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आला. तोपर्यंत, आणि खेड्यांत त्यानंतरही पुष्कळ वर्षे, आपली मदार सज्जीखार, पापडखार, राख, रिठे आणि हिंगणबेट यांवर होती. हिंगणाचे काटेरी झाड खानदेशच्या माळावर कोठेही उगवते. त्याच्या फळाचा गर पाण्यात कुस्करला की फेस येतो. रेशमी लुगडे त्याने धुवावे. जाडेभरडे सुती कपडे मात्र भट्टीस लागत. खाराच्या पाण्यात बुडवून काढलेले कपडे मोठ्या हंड्याच्या तोंडावर गोल गोल रचीत, खाली मंद जाळ ठेवीत, आणि रात्रभर वाफ त्या ढिगातून वर चढत राही. पहाटे ते गाठोडे गाढवाच्या पाठीवर घालून घाटावर न्यावयाचे. आपटण्याची खरी गरज भट्टी न लावलेल्या कपड्यास असते. भट्टीचा कपडा दोन-चार आपट्यांत मळ सोडतो. ज्याला भट्टी नीट साधत नाही तो दगड झिजवतो, असे माझे वडील म्हणत.

मग नीळ. पांढरे सूत धुऊन धुऊन पिवळसर दिसू लागते. निळ्या रंगाची किंचित झाक दिली की तो पिवळेपणा डोळ्यांस जाणवत नाही. प्रथम ही झाक खऱ्या नीळ-वनस्पतीची असे. ज्या निळीच्या सक्तीविरुद्ध १९१७ साली चंपारण्यात महात्माजी उभे राहिले, तीच ती. पुढे दुकानांत मिळू लागलेली निळीची पूड मात्र बहुतांशी कृत्रिम अल्ट्रामरीन या खनिज रंगाची होती. नाव नीळच राहिले. त्यानंतर कांजी अथवा खळ. तांदळाची उत्तम, गरिबाघरी ज्वारीची.

एवढ्या घरांचे कपडे एका भट्टीत घालावयाचे म्हणजे ओळख पटावी कशी? येथे बिब्बा येतो. सातपुड्याच्या उतारावरील बिब्ब्याच्या फळाचा रस कापडाला लावून त्यावर चुना टेकविला की डाग काळा होतो आणि कापड फाटेपर्यंत निघत नाही. इंग्रजीत या फळाला खूण करण्याचे फळ अशाच अर्थाचे नाव पडले, ते आपल्या धंद्यावरून. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर फोड उठू लागले, तेव्हा त्यांच्या वैद्यांनी शोध घेतला व ते कॉलरवरील बिब्ब्याच्या खुणेने उठतात असे आढळले. आमच्या घरी सुमारे साठ घरांच्या खुणा होत्या. एक टिंब, दोन टिंबे, टिंबाखाली रेघ, फुली, फुलीच्या कोनात टिंब, त्रिशूळ, पाळणा. माय निरक्षर होती. तिला एकही अक्षर वाचता येत नव्हते. परंतु ह्या साठ खुणा आणि त्यांमागची साठ घरे ती अंधारात, बोटाने चाचपून ओळखी. पुढे मी मुलांना मुळाक्षरे शिकवू लागलो, तेव्हा मला अनेकदा वाटे की, ही बाई निरक्षर कशी? तिची लिपी निराळी होती एवढेच.

आमच्या स्वतःच्या कपड्यांवर खूण नसे. आपला कपडा आपल्याला ठाऊकच असतो. मायचा दुसरा नियम असा की, घरातील कोणीही गिऱ्हाइकाचा कपडा अंगाला लावावयाचा नाही. थंडीत माझी धाकटी बहीण गाठोड्यावर नुसती टेकून झोपली तरी ती तिला उठवीत असे. मी आठवीत असतानाची गोष्ट. वडिलांनी मला नवा पांढरा सदरा शिवला होता आणि मायने तो कांजी देऊन कडक केला होता. मी ज्या शाळेत होतो तेथील एका शिक्षकांनी वर्गात सर्वांसमक्ष विचारले, "हा कोणाच्या घरचा?" वर्ग हसला. मी जागेवरून उठून त्यांच्यापाशी गेलो, कॉलर उलटी करून दाखविली आणि म्हणालो, "गुरुजी, खूण नाही." त्यांनी कॉलर पाहिली, आणि मला बसावयास सांगितले. पुढे अर्थशास्त्रातील तो मुद्गरचिन्हाचा नियम वाचनात आला, तेव्हा मला हा प्रसंग आठवला. कौटिल्याच्या राज्यात खूण असणे हा परिटाच्या प्रामाणिकपणाचा पुरावा होता. आमच्या घरी खूण नसणे हा. पुरावा मात्र दोन्हीकडे त्यानेच द्यावयाचा. असो.

आता इस्त्री. हा शब्द पोर्तुगीज भाषेतील 'एस्तिरार', म्हणजे ताणणे, या क्रियापदापासून आला असे भाषाभ्यासक मानतात. पगार, चावी, साबण, कोबी या शब्दांच्या जोडीला बसावयास तो योग्य आहे. परंतु शब्द परका म्हणून क्रिया परकी नव्हे. इस्त्रीपूर्वी आपल्याकडे कुंदी होती. धुतलेल्या, कांजी दिलेल्या कापडाची घडी करून ती गुळगुळीत लाकडावर ठेवीत व मोगरीने एकसारखी ठोकीत. त्याने सूत चेपून कापडाला तकाकी येई. हे काम करणारा तो कुंदीगर. धंदा गेला, पण "चांगली कुंदी काढली" हा वाक्प्रचार मराठीत राहिला, आणि तो वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्यात कापड दिसते. पेशवाईतील अंगरख्यांच्या बाह्यांवर बारीक चुण्या असत. त्या ओल्या कापडावर बोटांनी घालाव्या लागत. परीटघडी हा शब्दही तसाच. आज तो पुढाऱ्यांच्या कपड्यांविषयी थोड्या कुचेष्टेने वापरला जातो. मुळात ती कसबाची पावती होती.

उष्णतेने कापड सरळ करण्याची युक्ती चिनी लोकांना फार पूर्वी साधली होती. सम्राट ह्वेइत्सुंग याच्या नावावर असलेले, बाराव्या शतकाच्या आरंभीचे एक चित्र अमेरिकेतील बोस्टनच्या संग्रहालयात आहे. त्यात राजवाड्यातील स्त्रिया नवे रेशीम ताणून धरून त्यावरून निखाऱ्यांनी भरलेले पळीसारखे भांडे फिरवीत आहेत. उत्तर युरोपात काचेचा जड गोळा फिरवीत. पुढे भरीव लोखंडाच्या इस्त्र्या चुलीवर तापवू लागले. त्यांची मूठही तापे. १८७१ साली मेरी पॉट्स नावाच्या अमेरिकन बाईने काढता-घालता येणाऱ्या लाकडी मुठीच्या इस्त्रीचे पेटंट घेतले. जिला रोज चटका बसतो तिलाच मुठीचा विचार सुचतो! विजेच्या इस्त्रीचे पेटंट हेन्री सीली याने ६ जून १८८२ रोजी घेतले. गंमत अशी की, एडिसनचे न्यूयॉर्कमधील वीज केंद्र त्यानंतर, सप्टेंबरात सुरू झाले. इस्त्री तयार, पण वीज घरोघर पोहोचावयास पुढे कित्येक वर्षे जावी लागली.

सुरकुती जाते कशी, तेही सांगतो. सुताचे तंतू एकमेकांना सूक्ष्म बंधांनी धरून असतात. पाणी शिंपडले की ते बंध सैल होतात, उष्णतेने पाणी निघून जाते आणि दाबाखाली ज्या स्थितीत तंतू असतील त्या स्थितीत ते पुन्हा जखडले जातात. म्हणून कोरड्या सुती कपड्यावर कितीही इस्त्री फिरविली तरी व्यर्थ. आणि दमट कपडा अर्धवट सोडला तर नवी सुरकुती पक्की होते.

या तत्त्वाची परीक्षा महात्माजींनीही दिली आहे. दक्षिण आफ्रिकेत वकिली करीत असताना धुलाईचा खर्च वाचविण्यासाठी त्यांनी पुस्तक आणून कपडे धुणे शिकून घेतले. पहिल्याच कॉलरला कांजी जास्त झाली, इस्त्री पुरेशी तापली नव्हती, आणि जळेल या भीतीने त्यांनी ती दाबलीही नाही. ती कॉलर घालून ते न्यायालयात गेले तेव्हा तिच्यातून कांजी गळत होती व इतर बॅरिस्टर हसत होते. पुढे १९१२ साली नामदार गोखले तेथे गेले. जोहान्सबर्गच्या मेजवानीस त्यांना न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले उपरणे घ्यावयाचे होते आणि ते चुरगळलेले होते. गांधीजींनी इस्त्री करून देतो म्हटले, तेव्हा तुमच्या वकिलीवर माझा विश्वास आहे पण धुलाईवर नाही, अशा अर्थाचे गोखले बोलले. शेवटी उपरणे गांधीजींच्या हाती आले, आणि इस्त्री पसंतही पडली. आत्मकथेत त्यांनी हे मोठ्या अभिमानाने लिहिले आहे. मी हा भाग वर्गात नेहमी वाचून दाखवीत असे. कारण एवढा मोठा बॅरिस्टर ज्या कामात प्रथम फसला, ते काम माझ्या वर्गातील दोन-तीन मुलांना उत्तम येत होते.

खेड्यात मात्र इस्त्री दीर्घकाळ गरजेची नव्हती. लुगडे, धोतर, मुंडासे यांस घडी पुरे. परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक, प्रचलित यादीत मधल्या ओळीतला. वर्षभर धुवावे, बाळंतिणीचे व सुतकाचे कपडे उचलावेत, लग्नात पायघड्या घालाव्यात आणि खळ्यावर धान्याची पाटी घ्यावी. पाटी किती भरावयाची ते देणारा ठरवी. पीक बुडाले की पाटी बुडे, धुणे तेवढेच राही.

शाळेत जाणाऱ्या मुलांना पंधरा ऑगस्टला कडक कपडे हवेत, तेव्हा प्रत्येक घरी तांब्या कामास येई. पितळी तांब्यात चुलीतले निखारे भरावयाचे, काठ सांडशीने किंवा फडक्याने धरावयाचा आणि बूड कपड्यावर फिरवावयाचे. गांधी टोपीला हा तांब्या फारच सोयीचा. ज्यांना तेवढेही जमत नसे ते रात्री विजार नीट घडी करून गादीखाली ठेवीत. आमच्या पिढीतील बहुतेकांनी दोन्ही केले असेल.

आमच्या घरी कोळशाची इस्त्री आली ती १९७२ च्या दुष्काळात. त्या वर्षी खळी ओस पडली. बहुतेक घरांतून पाटी मिळालीच नाही. वडिलांनी मायची चांदीची पाटली मोडली आणि शहाद्याहून जुनी लोखंडी इस्त्री आणली. वजन सहा-सात किलो. झाकणाला कोंबड्याच्या आकाराची कडी, बाजूंना हवेची भोके, वर लाकडी मूठ. कोळसा बाभळीचाच हवा, कारण तो धग धरून राहतो; हलक्या लाकडाचा कोळसा ठिणग्या उडवितो आणि एक ठिणगी म्हणजे एका सदऱ्याची भरपाई. निखारे फुलले की इस्त्री हवेत झोकावयाची, राख झटकावयाची, बूड मेण लावलेल्या फडक्यावर पुसावयाचे, आणि ओले बोट क्षणभर टेकवून आवाज ऐकावयाचा. चर्र आवाज लांबला तर अजून थंड. टिचकीसारखा तुटला तर तयार. "इस्तरी तपनी का रे?" असे माय आतून अहिराणीत विचारी, आणि बोटाला फोड असला तरी उत्तर द्यावे लागे.

वडिलांनी मोटार थांब्याजवळ एक टेबल मांडले. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, कंडक्टर, यात्रेला आलेले लोक, असे गिऱ्हाईक येऊ लागले. येथे एक गोष्ट घडली, जी आपल्या इतिहासात मला फार महत्त्वाची वाटते. धुणे बलुत्यात होते. इस्त्री बलुत्यात नव्हती. कोणत्याही जुन्या करारात, कोणाच्याही आजोबांच्या तोंडच्या रिवाजात इस्त्रीची पाटी सांगितलेली नव्हती. म्हणून तिचा दर आम्ही सांगितला. नगास इतके पैसे, रोख. ज्यांच्या खळ्यावर वडील पाटीसाठी ताटकळत उभे राहत, तेच गृहस्थ टेबलासमोर उभे राहून आपल्या सदऱ्याची वाट पाहू लागले. दोन वर्षांत वडिलांनी सुतकाचे कपडे उचलणे बंद केले. गावात थोडी कुरकुर झाली. पण टेबल उचलले गेले नाही, आणि माझी फी त्याच टेबलावरून भरली गेली.

या बदलाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. धुणे मायच्या अंगावरच राहिले. पहाटे घाट, दुपारी वाळवण, संध्याकाळी घड्या. पैसे मात्र टेबलावर, म्हणजे वडिलांच्या खिशात, येऊ लागले. पाटीचे धान्य निदान तिच्या कोठीत पडत असे. तिची पाटली पुढे कधी परत झाली नाही. आपल्या अनेक घरांत असेच झाले असेल, आणि ह्या गोष्टी आपण बोलत नाही.

टेबलालाही पुढे स्पर्धक आले. १९४१ साली इंग्लंडात शोधलेला टेरिलीनचा धागा आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकांत टेरिकॉटच्या रूपाने गावोगाव पोहोचला. सुती कापड सुमारे दोनशे अंशांची उष्णता सोसते. टेरिलीन दीडशेच्या पुढे धोक्यात येते. कोळशाच्या इस्त्रीला अंश ठाऊक नसतात. त्या काळात किती परिटांनी किती विजारींची भरपाई दिली, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. शिवाय हे कापड रात्री धुऊन सकाळी घालता येई. १९५९ साली सर्फ आले, १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी निरमा सुरू केली. ही नवी पूड जड पाण्यातही फेस करते, तेव्हा नदीवर जाण्याचे एक मोठे कारणच संपले. मग विजेची आपोआप बंद होणारी इस्त्री, मग धुलाई यंत्र. आता शहरांतील काही टेबलांवर गॅसवर चालणारी इस्त्रीही दिसते.

प्रकाशात तापीवर बॅरेज झाल्यापासून नदीचे रूप पालटले. पूर्वी उन्हाळ्यात जेथे वाळूवर धोतरांच्या लांब रांगा वाळत, ते चित्र आता राहिले नाही. गाढवे गेली. भट्टीचा हंडा आम्ही मोडीत विकला. कोळशाची इस्त्री माझ्याकडे आहे. तिची मूठ दोनदा बदलली आहे, कडीचा कोंबडा मूळचाच.

मायच्या साठ खुणांपैकी सत्तेचाळीस मी तिच्या हयातीत तिला विचारून एका वहीत काढून घेतल्या. प्रत्येक खुणेसमोर त्या घराचे नाव आहे. काही घरे आज गावात नाहीत. उरलेल्या तेरा तिला सांगता आल्या नाहीत. कापड हातात दे म्हणजे सांगते, असे ती म्हणाली, आणि ते कापड तर केव्हाच विरून गेले होते. ज्या बंधुभगिनींच्या घरी अशा खुणा जाणणारी वडील मंडळी आज आहेत, त्यांनी त्या कागदावर काढून घ्याव्यात, समोर गावाचे व घराचे नाव लिहावे आणि ती पाने पुढील वार्षिक मेळाव्यास येताना सोबत आणावीत. मी माझी वही घेऊन येणार आहे.